ताटलीतला तुकडा

"आई, कडी काढ नं वं."

रविवारी पंचफुला सतरंजी अंथरायला वाकली की हा आवाज यायचाच. जयाचा, तिच्या लेकीचा. जया जाऊन किती वर्षं लोटली, त्या वेळचा राग गेला, रडं गेलं. आवाज तेवढा दाराशी बसून राहिला होता.

नागपूरच्या तांडापेठेतल्या त्या घरात आता हातमाग नव्हता. मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकल्या होत्या, फळ्यांवर सतरंजी, आणि सतरंजीवर पांढरा सदरा घालून तिचा नवरा रुपराव गुडघे टेकून बसले होते. समोर ताटलीत पावाचे तुकडे, बाजूला पेल्यांत पाणी. माग बुडाला तेव्हा रुपराव हैदराबादला छापखान्यात कामाला गेले होते. तिथून मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीचा बाप्तिस्मा घेऊन परतले. विडी सुटली, चहा सुटला. नागपुरात त्यांची मंडळी नव्हती, म्हणून दर रविवारी घरीच ख्रिस्ताच्या आठवणीचा पाव मोडायचा अधिकार हैदराबादच्या अध्यक्षांनी त्यांना दिला होता. प्रार्थना इंग्रजीत. एक शब्द चुकला तरी पहिल्यापासून.

आज अध्यक्ष स्वतः आले होते. दिल्लीला जाता जाता नागपूरला उतरलेले, तेलुगू माणूस, उंच आणि शांत. त्यांच्यापुढे रुपराव प्रार्थना म्हणत होते.

पंचफुला खोकली.

"काय झालं वं?"

"मधातला एक शब्द खाल्ला जी तुम्ही."

"तुले इंग्रजी कधीपासून समजाले लागली?"

"समजत नाही. पण कानानं ऐकून तं राहिली नं! मागावर धोटा अडकला तं आवाजावरून, न पाहता समजे मले."

रुपरावांनी ते अध्यक्षांना हिंदीत सांगितलं. अध्यक्ष हसले. "भाभीजी सही कह रही हैं. यहाँ तो मुझसे बड़ी अध्यक्ष बैठी हैं."

प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून झाली. ताटली अध्यक्षांपुढे गेली, मग पंचफुलेपुढे. तिनं बाप्तिस्मा घेतला नव्हता, पण नवऱ्यानं पुढे केलेली ताटली परत कशी करायची, म्हणून ती एक तुकडा उचलायची. आणि रुपरावांनी ताटली खाली ठेवली. दर रविवारी ठेवायचे तशीच. स्वतः न घेता.

"रुपराव भाई, आपने नहीं लिया?"

"नहीं, साब."

"मैंने तो कब का कह दिया, लीजिए. आपने सब बताया, पछताए, बदल गए. इतना कहने का अधिकार है मुझे."

"आपको है, साब. पर जिसके साथ किया, उससे माफी माँगनी थी. वो तो चली गई. उसकी तरफ से कौन बोलेगा?"

पंचफुलेच्या हातातला तुकडा हातातच राहिला.

जयानं इंदोरा वस्तीतल्या बौद्ध घरच्या पोराशी लग्न केलं होतं. त्या दिवाळीला ती माहेरी आली. रुपराव मागावर होते. "कडीले हात लावशीन तं तूही जाय तिच्यासंग," एवढंच पंचफुलेला म्हणाले आणि माग खटखटत राहिला. पोर ओट्यावर बसून राहिली. मग उठून गेली. पंचफुला कडीपाशी उभी होती, हातभर अंतरावर; तो हात पुढे झाला नाही.

पुढच्या वर्षी तापानं जया दवाखान्यात पडली. पंचफुला चोरून भेटून आली. तिथं जयानं बापासाठी निरोप दिला. त्याला माफ केल्याचाच निरोप. दोन दिवसांत ती गेली, आणि पंचफुलेनं तो निरोप पदराच्या गाठीत बांधून टाकला. जळू दे, मनात म्हणाली, माझ्यासारखा हा बापही जळू दे.

पण हैदराबादहून परतला तो माणूसच वेगळा. हळू बोलणारा, तिच्या हातची घागर घेणारा. ज्याच्यावर तिनं काठी उगारली होती तो कुठे सापडेना, आणि काठी तर खाली ठेवता येईना. रविवारमागून रविवार तो उपाशी राहिला, ती पाहत राहिली. आता सांगायचं म्हणजे हेही सांगायचं, की तुमचा घास माझ्यापाशीच होता. माफीचा अधिकार त्या साहेबाचा नव्हता. तो तिच्या पदरात होता.

पाण्याचा पेलाही तसाच राहिला. गाडीची वेळ झाली. दारात अध्यक्षांनी रुपरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले.

रुपराव उरलेले तुकडे उचलायला वाकले.

"राहू द्या जी ताटली. बसा."

"काहून?"

"बसा म्हणते नं."

ते बसले. पंचफुला समोर बसली. पदर आवळून धरलेला.

"जया बोलली होती. दवाखान्यात. तुमाले न सांगता गेली होती मी."

रुपरावांनी मान वर केली.

"तुमच्यासाठी सांगून गेली. मी दाबून ठेवलं. इतके वर्सं. मले बोला, मारा, घरातून काढा..."

"पंचफुले," त्यांनी तिला मधेच तोडलं, "काय म्हणे जया?"

"म्हणे, बाबाले सांगजो, मी ओट्यावरून रागानं नाही उठली. ऊन आलं होतं वं अंगावर, म्हणून उठली."