जुन्या तक्त्यावरची पट्टी

मित्रांनो, मी एक जुने हिशेबाचे यंत्र आहे. माझ्या डोक्यावर कागदाची गुंडाळी असते. बटणे दाबली की मी खटखट आवाज करत तिच्यावर आकडे छापते. माझे नऊचे बटण झिजले आहे आणि शून्याचे अडकते, तरी एक गोष्ट छातीठोकपणे सांगते: मी आजवर एकही बेरीज चुकलेले नाही. याचा मला फार अभिमान होता. त्याच अभिमानाची ही गोष्ट आहे.

एका काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात, पगाराच्या खिडकीमागे माझे टेबल होते. तिथे बसणाऱ्या कारकूनबाईंना सगळे मावशी म्हणत. त्या रोज सकाळी मला मऊ फडक्याने पुसत आणि म्हणत, "हे माझ्याहून शहाणं आहे." ऐकून मी फुगून जाई. टेबलाच्या काचेखाली सरकारी तक्ता असे. पगारातून प्राप्तिकर किती कापायचा आणि निवृत्तिनिधीत किती भरायचे, ते त्यात लिहिलेले असे. दरवर्षी तक्ता बदलत असे.

पगारवाढीची पत्रे मिळाली की खिडकीपाशी रांग लागे. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "मावशी, हातात किती?" कारण पगार कागदावर एक असतो आणि हातात दुसराच पडतो. मावशी बटणे दाबत, पट्टी फाडून देत आणि माणूस ती जपून घरी नेई.

त्या वर्षी रांगेत भट्टीदादा होते. दिवसभर काच वितळवणाऱ्या भट्टीसमोर उभे राहणारे. त्यांचा पगार वीस हजारांवरून वीस हजार सहाशे झाला होता. मुलीला परगावी परिचारिकेच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता आणि वसतिगृहाच्या खोलीला महिना साडेचारशे लागणार होते. नवा तक्ता अजून आला नव्हता. मावशींनी थांबायला सांगायला हवे होते. पण दादांचा चेहरा इतका फुलला होता, की त्यांना नाही म्हणवेना. त्यांनी काचेखालच्या जुन्याच तक्त्यावर बोट ठेवले.

"चारशे ब्याण्णव वाढले, दादा!"

"म्हणजे पोरीची खोली झाली की!"

पट्टी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागली आणि खोली त्याच दिवशी ठरली.

आठवड्याने नवा तक्ता आला. कराचा दर तोच होता, पण निधीची कपात शेकडा आठवरून दहा झाली होती, आणि तीही नुसत्या वाढीवर नाही, सबंध पगारावर. सहाशेतले चारशे साठ निधीत गेले, साठ करात गेले. हातात वाढले फक्त ऐंशी.

पगाराच्या दिवशी दादा पट्टी घेऊन आले. "मावशी, यंत्र म्हातारं झालं का हो तुमचं?" ते ओरडले असते तर बरे झाले असते.

मावशींनी ताळा केला आणि त्यांचे तोंड उतरले. "यंत्र नाही चुकलं, दादा. मीच जुना तक्ता धरला. नवा आला तेव्हाही तुमची पट्टी माझ्या ध्यानात आली नाही." त्यांनी एकेक ओळ समजावली. "निधीतले पैसे बुडत नाहीत. म्हातारपणी मिळतील."

"मिळतील हो. पण पोरीची खोली आत्ता आहे."

"दर महिन्याला कमी पडतील ते मी देते."

"चूक कबूल केलीत, झालं. तुमचे पैसे कशाला?"

दुसऱ्या दिवसापासून दादांनी बस सोडली. तासभर चालत यायचे, दिवसभर भट्टीपुढे उभे राहायचे आणि पुन्हा तासभर चालत जायचे. असे तीन वर्षे चालले. कारखाना सुटायच्या वेळी मावशी फाटकाकडे बघेनाशा झाल्या. प्रत्येक पट्टीवर आधी तक्त्याचे वर्ष लिहायची सवय मात्र त्यांनी लावून घेतली. मला शहाणे म्हणणेही त्यांनी सोडले. मला वाईट वाटले, पण ते योग्यच होते.

त्याच काळात संगणक आला. मी कपाटात खालच्या फळीवर, जुन्या फायलींखाली पडून राहिले. किती महिने धूळ खाल्ली, तो हिशेब मला कोणी करायला सांगितला नाही. मावशी निवृत्त होण्याच्या दिवशी कपाट आवरताना त्यांनी मला बाहेर काढले. तेवढ्यात पांढऱ्या गणवेशातली एक मुलगी खिडकीशी आली. ती भट्टीदादांची लेक होती. हातात तिच्या पहिल्या नोकरीचे पत्र होते.

मावशींनी खुर्ची पुढे सरकवली. "बस गं बाळ. तुझा हातातला पगार मीच काढून देते." त्यांनी माझी वायर जोडली. माझ्या अंगात जीव आला. त्यांचे बोट बटणावर टेकणार, तोच मुलीने माझ्यावर अलगद हात ठेवला.

"मावशी, तक्ता कोणत्या वर्षाचा?"

मग तिनेच पर्समधून यंदाचा तक्ता काढून पुढे ठेवला. "बाबांच्या चपला झिजलेल्या पाहिल्या ना, तेव्हापासून मी आधी हेच विचारते." मावशी रडल्या आणि रडत रडतच त्यांनी बटणे दाबली. माझ्या आयुष्यातली ती शेवटची पट्टी.

मित्रांनो, मला सांभाळा असे मी म्हणत नाही. माझे दिवस संपले. पण उद्या तुम्ही कमावते व्हाल, तेव्हा शेवटचा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. तक्ता यंदाचा आहे ना, एवढे आधी विचारा आणि मधल्या ओळी वाचा. आम्ही यंत्रे बेरीज चुकत नाही. पण चालावे माणसाला लागते.