तोंडी चार, काट्यावर पाच

चष्मेवाल्याला स्वतःच्या गाडीत एकच गोष्ट खटकायची. चाक आणि चाकावरची कमान यांच्यामधली फट. चार बोटं आडवी धरली तरी वर जागा उरायची. त्याच्या दुकानात कुणी नवा चष्मा घालून आरशापुढे उभं राहिलं आणि चष्मा भुवयांवर चढून बसला, की त्याचे हात आपोआप पुढे व्हायचे. दांडी जराशी वाकवायची, नाकावरच्या गाद्या चिमटीत दाबायच्या, की चेहरा माणसात यायचा. गाडीचं तसं करता येत नव्हतं. चार दारांची ती शहाणीसुरती घरगुती गाडी इतकी वर्षं भुवया उंचावून त्याच्याकडे बघत दारात उभी होती.

म्हणून मागचे दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बर तेल गाळायला लागले, तेव्हा तो मनातून खूश झाला. खड्ड्यातून गेल्यावर गाडी पुढची पाच घरं होकारार्थी मान हलवत राहायची. दुरुस्ती टाळण्यासारखी नव्हतीच. घरी त्याने अगदी सहज सांगितलं, शॉक बदलायचेच आहेत तर त्याच हाताने स्प्रिंगाही बदलून घेऊ, थोड्या आखूड. बायकोने वर न बघता विचारलं, आखूड कशाला. तो म्हणाला, वळणावर गाडी बरी धरते. हे खरं होतं, पण औषध आणायला निघालेला माणूस वाटेतल्या बुटांच्या दुकानाबद्दल जितकं खरं बोलतो, तितकंच.

स्प्रिंगांचं दुकान एका बाईंचं होतं. त्यांना सगळे ताई म्हणत, त्यांच्या वडिलांच्या वयाचे ट्रकवालेसुद्धा. भिंतीवर खुंट्यांना स्प्रिंगा टांगलेल्या होत्या, लाल, निळ्या, काळ्या. चष्मेवाल्याची नजर लाल जोडावर गेली आणि तिथेच बसली. गाडी चाळीस मिलिमीटर खाली आणणारा जोड. त्याने मनातल्या मनात फट मोजली. आता जेमतेम दोन बोटं जाणार होती.

ताईंनी त्याची नजर पाहिली, पण लाल जोड काही खाली काढला नाही. त्यांच्या धंद्याची एक रीत होती. गाडी कशी दिसायला हवी हे त्या शेवटी विचारत. आधी विचारत, गाडीत बसतं कोण आणि कुठे. त्यांनी त्याला समजावलं. आखूड स्प्रिंग घेतली की शॉकही आखूड घ्यावे लागतात, नाहीतर उंच गाडीचे शॉक कायम गुडघे मोडून बसल्यासारखे राहतात आणि वर्षभरात जीव सोडतात. ते जोडीनं मिळतात, त्याची चिंता नाही. चिंता मागच्या सीटची. गाडी खाली आली की स्प्रिंगेला दबायला जागा कमी उरते. मागे रोज तिघं बसायला लागली, तर चाळीसवाली गाडी प्रत्येक स्पीड ब्रेकरला रबराच्या गुट्ट्यांवर आपटणार. मग स्प्रिंग कशाला लावली, शोभेला?

"चार माणसं असतील तर हा लाल देते," ताई म्हणाल्या. "पाच असतील तर हा काळा. वीस मिलिमीटर. त्याच्या खाली मी जात नाही. चार की पाच?"

"चार," चष्मेवाला म्हणाला.

उत्तर जरा जास्तच लवकर आलं. ताईंनी मान डोलावली, चौघांची वजनं आणि बसायच्या जागा घेऊन यायला सांगितलं, आणि त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. तो मात्र तिथेच घुटमळला. चार म्हणजे तो, बायको, लेक आणि त्याची आई. हिशेब बरोबर होता. गोम एवढीच, की गेला महिनाभर घरात एक पाचवा माणूस न बोलता फिरत होता, आणि आपण आत्ता त्याच्या तोंडावर दार लावून आलो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पाचवा म्हणजे नाना, त्याचे सासरे. नानांचा जन्म वजनकाट्यावर गेला होता. मालाचे ट्रक लोखंडी पाटावर उभे राहायचे, आणि नाना केबिनच्या खिडकीतून आकडा वाचायचे. ड्रायव्हर सांगतो ते वजन आणि काटा सांगतो ते वजन यांच्यामधल्या फरकावर त्यांची नोकरी उभी होती, आणि विनोदही. सासूबाई गेल्यापासून ते तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहत. लिफ्ट नव्हती. महिन्यापूर्वी जिन्यात मध्येच त्यांचा गुडघा अडकला, आणि वरच्या शेजारणीची भाजी आणायची वेळ होईपर्यंत ते पायरीवर बसून राहिले. रविवारी येऊन त्यांनीच हे सगळं सांगितलं, गंमत म्हणून. चष्मेवाल्याची आई हसली, लेक हसली. बायको हसली नाही. ती उठून आत गेली आणि भांडी जरा जोरात लावू लागली.

तिने नवऱ्याला काही विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर त्याला 'हो' म्हणावंच लागलं असतं. त्याची स्वतःची आई या घरात आठ वर्षं खिडकीजवळची खुर्ची धरून होती. तिने विचारलं नाही ते त्यामुळेच. मागून घेतलेला होकार तिला वडिलांसाठी नको होता. आणि त्याने विचारलं नाही, कारण मागची छोटी खोली त्याची होती. दुकानातल्या जुन्या फ्रेमा, काचेच्या भिंगांची खोकी, भिंगं घासायचं जुनं यंत्र. रविवारी दुपारी तो तिथे दार लोटून बसायचा आणि काही करायचा नाही. घरात एवढीच जागा होती जिथे त्याला कुणी काही दाखवायला सांगत नसे.

वजनांची चौकशी जेवताना झाली. आईने पंचावन्न सांगितलं. हा आकडा तिच्या लग्नाच्या वेळचा असावा, आणि तेव्हाही थोडा कमी करून सांगितलेला. बायको म्हणाली, अठ्ठावन्न धर. धर म्हणजे काय, असं त्याने विचारलं नाही. लेकीने मी नाही सांगणार म्हणून सांगितलं, मग आजीने दटावल्यावर एक आकडा ताटात टाकला. स्वतःचे त्याने बहात्तर धरले, आणि कुणी बघत नसताना पोट आत घेतलं.

रविवारी नाना आले. हे आकडे ऐकून ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. चष्मा अर्थात जावयाच्या दुकानातला होता आणि नाकावर चोख बसला होता.

"जावईबापू," ते म्हणाले, "एवढं खोटं तर खडीवालेसुद्धा बोलत नव्हते. चला, काट्यावर चला सगळे. माझ्या जागेवर आलेला पोऱ्या मला चहा पाजल्याशिवाय सोडत नाही, वजन काय फुकट करेल."

चष्मेवाल्याच्या आईने मी काही बाजारातली गोणी नाही म्हणून हट्ट धरला. मग व्याही घाबरली म्हणतील, म्हणून सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली. नाना त्या दिवशी मागे मध्ये बसले, आई आणि नातीच्या मधोमध, गुडघे हनुवटीशी घेऊन. प्रत्येक वळणाला तेल गाळणारे शॉक कण्हत होते. विहीणबाईंचं कोपर माझ्या बरगडीत आहे, असं नानांनी दोनदा जाहीर केलं. आई म्हणाली, बरगडी हवीच कशाला तिथे.

काट्यावर रविवारची सामसूम होती. नाना उतरले, केबिनच्या दोन पायऱ्या हातांचा आधार घेत चढले, आणि नवा काटेवाला उठून उभा राहिला तशी त्याच्या खुर्चीत बसले. तिथे बसल्यावर ते निराळेच दिसायला लागले. पाठ सरळ झाली. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी गाडी पुढे घ्यायची खूण केली, थोडी मागे, थांब. चौघं आपापल्या जागी श्वास रोखून बसली; जणू श्वासाचंही वजन लागणार होतं.

नानांनी आकडा वाचला. गाडीचं रिकामं वजन वजा केलं, पेट्रोल वजा केलं, घरच्यांनी तोंडी सांगितलेलं वजा केलं. मग परत एकदा केलं.

"ऐंशी किलो जास्त आहेत," ते खिडकीतून म्हणाले. "तोंडी चार, काट्यावर पाच. पाचवा कोण लपवलाय?"

मग कबुल्या सुरू झाल्या. आईने दहा किलो मान्य केले, तेही साडीचे धरून. बायकोने पाच. लेकीने तीन, आणि तीन बुटांचे. चष्मेवाल्याने पोट सैल सोडलं आणि आठ दिले. नानांनी बेरीज केली. निम्मंसुद्धा वजन सापडलं नव्हतं. माणसांचं संपलं, आता माल बघा, असं म्हणून ते केबिनमधून उतरले. ट्रकवाल्यांशी त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं.

बायको पुढच्या सीटवरून उतरायला लागली. चष्मेवाल्याने डिकी उघडली.

आत खोकी होती. काचेच्या भिंगांची चार, त्यावर फ्रेमांची, आणि एका जुन्या चादरीत नीट गुंडाळलेलं घासायचं यंत्र. सगळी त्याच्याच अक्षरात चिठ्ठ्या लावलेली. त्याने खोक्याच्या कडेवरून बोट फिरवलं. धूळ नव्हती, कुणीतरी पुसून ठेवली होती. महिनाभर तो ही गाडी रोज दुकानापर्यंत चालवत होता, आणि मागचं बूड खाली गेलंय ते शॉकमुळे, असं समजत होता.

बायको येऊन शेजारी उभी राहिली.

"एकेक करून ठेवत गेले," ती हळू आवाजात म्हणाली. "तू डिकी उघडशील, मग विचारशील, असं वाटलं."

"आणि मी उघडलीच नाही."

"नाही. तू चाकांमधली फटच बघत होतास."

यावर रागावायची सोय नव्हती. त्याने खोलीचा विचार करून पाहिला. रविवारच्या दुपारी आता महिनाभर तो तिथे गेलाच नव्हता, हे त्याच्या ध्यानात आलं. गेला असता तर खोकी कमी झालेली दिसली असती. ज्या जागेसाठी त्याने ताईंना घाईघाईने चार सांगितलं होतं, ती अर्धी रिकामी झाली तरी त्याला पत्ता नव्हता. त्याला स्वतःचंच थोडं हसू आलं, आणि हसू आल्यावर पुढचं बरंच सोपं झालं.

नाना दोन पावलांवर उभे होते. खोक्यांवरची अक्षरं त्यांना त्या चोख चष्म्यातून नीट वाचता येत होती. त्यांनी आपल्या लेकीकडे, चष्मेवाल्याच्या बायकोकडे, पाहिलं, मग एकदम पाटाच्या कडेची माती बुटाने सारखी करायला लागले.

"नाना, गाडीत बसा," चष्मेवाला म्हणाला. "आकडा तो नवा पोऱ्या वाचेल."

"काटा वाचणारा पाटावर चढत नाही, जावईबापू. नियम आहे."

"तुमचा नियम खुर्चीत असतानाचा. आता तो खुर्चीत आहे." त्याने मागचं दार उघडून धरलं. "ताईंना पाच जणांचं वजन द्यायचंय. मी चार सांगून आलो होतो, ते चुकलं. रोज बसणाऱ्यांचं वजन लागतं त्यांना."

रोज हा शब्द त्याने जरा सावकाश उच्चारला. नानांनी मातीचं काम थांबवलं. म्हातारी माणसं अशा वेळी नको म्हणायची एक फेरी पूर्ण करतात. त्यांनीही ती केली. जिन्याचं काही नाही म्हणाले, गुडघा परवापासून बराच बरा आहे म्हणाले, मुलीच्या संसारात कशाला म्हणाले.

चष्मेवाल्याच्या आईने आतून काच खाली केली.

"अहो व्याही, येताय की नाही? मी आठ वर्षं मुलाच्या संसारात बसलेय, तो अजून मोडलेला नाही. पण खिडकी माझी. हे आधीच सांगून ठेवते, मग घरी गेल्यावर वाद नको."

"मला मध्येच बसवणार म्हणजे," नाना म्हणाले, आणि वाकून आत शिरले. जन्मात पहिल्यांदा ते पाटावर आले. नव्या काटेवाल्याने खिडकीतून आकडा वाचून दाखवला, तर नानांनी तो आतूनच परत वाचायला लावला, आवाज मोठा काढ म्हणून.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला ताईंकडे गेला. खोकी दुकानाच्या माळ्यावर लावून झाली होती. यंत्र मात्र त्याने मागच्या खोलीतच परत ठेवलं होतं, खिडकीखाली, कारण नाना म्हणाले होते की ते कसं चालतं ते मला बघायचंय. त्याने ताईंना पाच जणांचा आकडा सांगितला. ताईंनी काळा जोड खुंटीवरून काढला, त्याला मिळणारे शॉक शेजारी ठेवले, आणि त्याची नजर अजून लाल जोडावर जातेय हेही पाहिलं.

"वाईट वाटतंय?"

"थोडं," तो म्हणाला. खोटं बोलायचा त्याला आता कंटाळा आला होता.

गाडी तयार झाली तेव्हा त्याने दुकानाबाहेर उभं राहून फट पाहिली. तीन बोटं. पूर्वीपेक्षा बरी, पण भुवया अजून थोड्या वर. ताई नुसत्या हसल्या आणि आठवडाभर चालवून चाकं परत रेषेत लावून घ्यायला या म्हणाल्या.

नानांना आणायला सगळी गेली. दोन बॅगा, एक रेडिओ आणि एक कुंडी, जी डिकीत आडवी ठेवायला त्यांनी नकार दिला आणि मांडीवर घेतली. विहीणबाईंचं कोपर बरगडीत बसलं. लेकीने कुंडीतलं पान तोंडातून बाजूला केलं. गाडी गल्लीतून निघाली. पहिला स्पीड ब्रेकर आला तेव्हा चष्मेवाल्याने दात घट्ट धरले. गाडी वर गेली, खाली आली, एकदाच बसली आणि गप्प झाली. कुठे काही आपटलं नाही. कुंडीसुद्धा सांडली नाही.

कोपऱ्यावरच्या सिग्नलला एक मोठं काचेचं दुकान होतं. तो सवयीने वळून बघायला गेला, आणि काचेत त्याला गाडी दिसली. पाच माणसं आणि सामान घेऊन ती खाली बसली होती, पुढेमागे सारखी, चाकं कमानीत अगदी नीट. दोन बोटं. लाल जोड लावून रिकामी गाडी जशी दिसली असती, अगदी तशी. घरातला एक जरी उतरला तरी ती परत वर जाणार होती.

"हिरवा झालाय," बायको म्हणाली.

"बघतोय," तो म्हणाला, आणि आणखी क्षणभर बघत राहिला.

मागून नानांनी विचारलं, जावईबापू, गाडी बंद पडली का. आणि आईने त्यांना सांगितलं की या घरात घाई करून चालत नाही, सवय करून घ्या.