थोरला कोण?

शैलाबाई पहिल्यांदा आल्या त्या रविवारी आमच्याकडे इडल्या होत्या, त्यामुळे झाडून सगळे घरात होते. बाई महापालिकेच्या शाळेत शिकवतात. जनगणनेचं काम अंगावर पडलेलं, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. पुनावळ्यातल्या नव्या टॉवरमध्ये अर्धी दारं उघडतच नाहीत, उघडली तर साखळी निघत नाही, असं त्या पाणी पिता पिता म्हणाल्या. आमच्याकडे त्यांना खुर्ची, इडली आणि अकरा माणसं एकदम मिळाली. बाई खूश झाल्या.

"सगळ्यांचं जेवण एकत्रच ना?"

"एकाच गॅसवर," आजी म्हणाली.

"मग एकच कुटुंब. कुटुंबप्रमुख कोण?"

"मी," अण्णा म्हणाले.

"मी," आबाही म्हणाले, आणि तेही त्याच दमात.

शैलाबाईंचा अंगठा मोबाइलवर तसाच राहिला.

अण्णा म्हणजे माझे आजोबा अर्जुनराव, आबा म्हणजे त्यांचे चुलतभाऊ सोपानराव. दोघांचे वडील सख्खे भाऊ. ही दोघं जन्मली एकाच साली, वाढली एकाच घरात, आणि दोघांत थोरला कोण हा वाद गेली शहात्तर वर्षं चालू आहे. अण्णांची आई भिमाबाई मरेपर्यंत सांगायची, "माझा अर्जुन थोरला." आबांची आई त्यावर म्हणायची, "माझा सोपान पालथा पडत हुता, तवा तिचा मुठी चोखत हुता." दोघी गेल्या, वाद राहिला. माझ्या आत्याच्या लग्नात पत्रिका दोन गठ्ठ्यांत छापाव्या लागल्या. एका गठ्ठ्यात अर्जुनराव वर, दुसऱ्यात सोपानराव. लोणावळ्याच्या एका पाहुण्यांना चुकून दोन्ही गेल्या. त्यांना वाटलं, घरात दोन लग्नं आहेत. ते दोन आहेर घेऊन आले.

"आजोबा, वयाचा प्रश्न नाहीये," शैलाबाईंनी समजावलं. "घर ज्यांना प्रमुख मानतं त्यांचं नाव द्यायचं. कुणाचंही चालेल."

"कुनाचंबी कसं चालंल?" अण्णा म्हणाले. "सरकारदप्तरी जायचंय ते."

"मी तेच म्हनतो," आबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं, तेही भांडण न मिटण्यावर.

बाई पुढच्या रविवारी येते म्हणाल्या आणि उरलेली इडली संपवून गेल्या.

त्या गेल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. बाहेर गेलेला बोल्ट कुठे तुटला, तर तो कुठल्या शिफ्टला, कुठल्या मशीनवर झाला हे आम्ही अर्ध्या तासात काढतो. हे मी एकदा घरी फुशारकीने सांगितलं होतं. आबांचा मुलगा, म्हणजे कुलदीपकाका म्हणाला, "प्राजक्ता, बोल्टचं निघतं, मग ह्यांचं काढ की."

सोमवारी सकाळी दोघांना घेऊन मी गावच्या शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि पान उघडून दिलं. सोपान, जन्मतारीख एक जून एकोणीसशे पन्नास. अर्जुन, जन्मतारीख एक जून एकोणीसशे पन्नास. त्या पानावर चौदा मुलं होती. चौदाच्या चौदा एक जूनला जन्मलेली.

"गुरुजींना वर्ग भरायचा हुता, त्यांनी भरला," अण्णा म्हणाले.

"पर अनुक्रम बघ," आबांनी बोट ठेवलं. "मी सहावा, तू सातवा."

"तू रांगेत घुसला व्हतास. मला अजून ध्यानात हाय."

मुख्याध्यापकांनी रजिस्टर हळूच मिटलं.

घरी आल्यावर आजी, म्हणजे अण्णांची बायको छबूबाई, मेथी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "पहिलं बाळंतपण कुठं होतं?"

"माहेरी," मी म्हणाले.

"मग हितं पुनावळ्यात काय घावनार?"

दोन पुरुष आणि एक क्वालिटी इंजिनिअर, तिघांनाही हे सुचलं नव्हतं.

पूर्वी गावचा कोतवाल जन्म आणि मृत्यू वहीत नोंदवायचा. त्या वह्या आता तालुक्याच्या कचेरीत असतात, आणि पन्नास सालापर्यंतच्या बऱ्याचशा मोडीत. माझी कॉलेजची मैत्रीण सुखदा चिंचवडच्या गावठाणात राहते. ती हौसेने मोडी शिकली आणि हौस अंगाशी आली. हल्ली जो तो तिला जुन्या नोंदी वाचायला बोलावतो. मी फोन केला तेव्हा ती आधी कण्हली आणि मग म्हणाली, "वंशावळ नको असेल तर येते." मी म्हटलं, फक्त दोन म्हाताऱ्यांचे वाढदिवस हवेत.

आबांच्या आईचं माहेर ताथवडे, म्हणजे आमच्या शेजारीच. मंगळवारी पौडच्या कचेरीत गेलो आणि तासाभरात नोंद मिळाली. सुखदाने वाचून दाखवली, "तीन मार्च एकोणीसशे पन्नास. गोपाळा बिन भिवा, राहणार पुनावळे, यास मुलगा." वहीत बाळाचं नाव नसतंच, बारशाआधीच कोतवाल लिहून मोकळा झालेला असतो. पण भिवाच्या गोपाळाचा पहिला मुलगा म्हणजे आबाच. त्यांनी त्या नोंदीची नक्कल लॅमिनेट करून आणली. ती खिशात मावेना, म्हणून काखेत धरून देवळात गेले, दूध आणायला गेले, दाढी करायलाही गेले.

अण्णा दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. शुक्रवारी मी पुन्हा रजा टाकली आणि चौघं खेडच्या कचेरीत निघालो. भिमाबाईंचं माहेर चाकणच्या पुढचं. माझी कंपनीची बस रोज त्या गावाच्या कमानीपुढून जाते, पण ते माझ्या पणजीचं गाव, हे मला त्या दिवशी कळलं. अण्णा म्हणाले, "ह्या शेडच्या जागी मामाचा कांदा असायचा." आबा म्हणाले, "कांदा राहू दे, तारीख बघू." लॅमिनेशन मांडीवर होतंच.

कचेरीतल्या रणजीत नावाच्या कारकुनाने वह्या काढून दिल्या आणि टेबलावर पंखाही वळवला. सुखदा बोटाने ओळी चाळत होती. पाऊण तासाने ती थांबली.

"म्हादू बिन भिवा, राहणार पुनावळे. मुलगा."

"माझा बाप!" अण्णा उठून उभे राहिले. "तारीख वाच, तारीख."

"बारा डिसेंबर एकोणीसशे सत्तेचाळीस."

अण्णांनी बोटांवर मोजलं. मग हसायला लागले, ते थांबेचनात. "सवादोन वरसं! सोपान, आठवडा न्हाई, महिना न्हाई, सवादोन वरसं थोरला हाय मी!" त्यांनी तिथूनच आजीला फोन लावला. स्पीकर चालू होता. "छबू, मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हाय!" आजी म्हणाली, "मग पथ्य पाळा." रणजीतसकट सगळे हसले. आबा मात्र लॅमिनेशन न्याहाळत बसले, जणू त्यावरची तारीख मागे सरकेल.

सुखदा हसली नव्हती. तिने सवयीने मृत्यूचीही वही पुढे ओढली होती आणि एका ओळीवर बोट ठेवून ती माझ्याकडे बघत होती.

"काय गं?" मी विचारलं.

तिने हलक्या आवाजात वाचलं. "एकोणीस जुलै अठ्ठेचाळीस. मयत अर्जुन बिन म्हादू, राहणार पुनावळे. वय सात महिने. ताप."

अण्णांच्या हातातला फोन अजून चालूच होता. ते म्हणाले, "माझं नाव मयतात कसं?" पुन्हा म्हणाले, "मग मी कोन?"

सुखदाने पहिली वही घेतली, भराभर पानं उलटली, आणि शोधत होती ती ओळ तिला मिळाली. "चौदा मार्च एकोणीसशे पन्नास. म्हादू बिन भिवा, राहणार पुनावळे, यास मुलगा. हे तुम्ही, आजोबा."

म्हणजे आबा अकरा दिवसांनी मोठे होते. शहात्तर वर्षांचा वाद मिटला होता. आबांनी आपलं लॅमिनेशन टेबलावर पालथं ठेवलं.

"अर्जुना," ते म्हणाले, "तुला घरात दगडू म्हनायचे. आठवतं का?"

अण्णांनी मान डोलावली. पहिलं मूल गेलं की पुढच्याला असं नाव ठेवायची रीत होती. दगडधोंडा म्हटलं की काळाचं लक्ष जात नाही, अशी समजूत.

"शाळेत नाव घालाया काकू आपल्या दोघांना घेऊन गेली हुती. गुरुजींनी विचारलं, ह्याचं नाव काय. मी म्हनलं, दगडू. काकूनं मला गप केलं आन् म्हनली, अर्जुन लिवा." आबा थांबले. "ती खोटं बोलत नव्हती रं. तिचा अर्जुन थोरलाच हुता."

फोनमधून आजीचा आवाज आला. "काय झालं वो?" मी फोन घेतला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन तिला सगळं सांगितलं. मग म्हणाली, "आखाडात एक दिवस सासूबाई जेवायच्या न्हाईत. मला वाटायचं, कसला तरी उपास आसंल. इचारलं तर म्हनायच्या, तुला न्हाई करायचा."

परतीच्या वाटेवर चाकणच्या चौकात आम्ही कंटेनरच्या रांगेत अडकलो. मोशी आली. मग अण्णा खिडकीबाहेर बघतच म्हणाले,

"सोपान, अकरा दिवस म्हंजे लई न्हाईत."

"न्हाईतच."

"आता काय पाया पडू का तुझ्या?"

"गाडीत नको," आबा म्हणाले. "उतरल्यावर पड."

सुखदाला ठसका लागला. अण्णांनी आबांच्या पाठीत एक गुद्दा घातला, बऱ्यापैकी जोराचा, आणि मग दोघंही हसले. हसता हसता अण्णांनी डोळे पुसले आणि ते एसीवर ढकललं.

शनिवारी अण्णांनी माझ्याकडून मोठ्या कागदावर वंशावळ काढून घेतली. सुखदाची अट मोडली, पण काम मी केलं, तिने नाही. वर पणजोबांचे वडील भिवा, खाली म्हादू आणि गोपाळा. म्हादूच्या खाली मी अण्णांचं नाव लिहायला गेले, तर त्यांनी हात धरला. "आदी थोरल्याचं. मग सोपानचं. मी तिसरा." एका बापाची मुलं शेजारी हवीत, चुलतभावाचं नाव मध्ये येत नाही, असं मी सांगून पाहिलं. ऐकलं नाही. शेवटी तिघं एका ओळीत आले, आणि ओळीवरून रेषा अशा गेल्या की क्वालिटीवाल्या कुणी ते ड्रॉइंग पास केलं नसतं. संध्याकाळपासून अण्णा दूधवाल्याला, वॉचमनला, पुढच्या सोसायटीतल्या आयटीवाल्या भाडेकरूंनाही सांगत होते, "आमी तिघं भाऊ."

रविवारी शैलाबाई आल्या. या वेळी पोहे होते.

"ठरलं का?" त्यांनी जरा धास्तावूनच विचारलं.

"ठरलं," अण्णा म्हणाले. "सोपान गोपाळा लिवा. थोरला तो हाय."

आबा सावरून बसले. इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडले, ते मिळाल्यावर माणूस कसा दिसतो ते मी नीट पाहिलं. ते गांगरले होते. "आन् त्यो पहिला अर्जुन?" त्यांनी बाईंना विचारलं. "त्यो कुठं लिवायचा?"

मी थोडक्यात सांगितलं. बाईंनी मोबाइल मांडीवर ठेवला. "इथे हयात माणसंच घेतात, आजोबा," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही घरी लिहिलंय ना, ते मला दाखवा." अण्णांनी घाईघाईने कागद आणून उलगडला. बाईंनी तो पूर्ण वाचला, पाचव्या ओळीत माझं नाव शोधून काढलं आणि मग पुन्हा कामाला लागल्या. भिंती कशाच्या, छत कशाचं, पाणी कुठलं, गाड्या किती. आबा प्रमुखाच्या रुबाबात उत्तरं देत होते. अण्णा तिसऱ्या भावाच्या मोकळेपणाने मध्ये मध्ये तोंड घालत होते.

"घरात मुख्य धान्य कोणतं खाता?"

"बाजरी," आबा म्हणाले.

"तांदूळ," अण्णा म्हणाले. "मावळातली मानसं आमी. बाजरी कुठली काढली?"

"माझ्या आईनं बाजरीवर वाढवलं मला."

"म्हून आसा झालास."

शैलाबाईंनी दीर्घ श्वास घेतला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "आजी, जरा बाहेर येता का?"

आजी पदराला हात पुसत आली. दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"गहू लिवा," ती म्हणाली. "ईस वरसं दोघं चपात्याच खात्यात."