हात वळतो तेव्हा

मठातल्या बाबांच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध खुर्चीवर धाकटी बसली होती आणि बाबा तिच्या दंडाला ओली पट्टी करकचून आवळत होते.

"शक्ती उतरतेय," बाबा म्हणाले. "कुणी शिंकू नका, ती बुजते."

शंभर जणांनी श्वास रोखला. तीन मिनिटांत धाकटीचं मनगट वाकलं, अंगठा तळव्यात शिरला, बोटं कळीसारखी मिटली. "मुद्रा!" म्हणत माणसं वाकली. हात किती दुखतोय हे मात्र तिला कुणीच विचारलं नाही.

ती लॉन्ड्रीत इस्त्री करायची. उन्हात न जाताही वर्षभरात काळवंडली होती, अगदी तळहाताच्या रेघांपर्यंत. उठलं की भोवळ यायची. जिभेवर सतत मिठाची भूक. बाबांनी तिचं मीठच तोडलं होतं: चाळीस दिवस अळणी, मिठाने म्हणे शक्ती विरघळते.

थोरल्या भावाचंही असंच झालं होतं. अळणी व्रतातच तो गेला.

"चोरून मीठ खाल्लं असणार मेल्याने," आई अजून म्हणायची. म्हणायची आणि रडायची.

खाल्लं होतं. धाकटीनेच मुठीत लपवून नेलं होतं, चिमूट चिमूट. भावाला आपणच मारलं, हे ती एकटीच जाणत होती. गरम इस्त्रीला सांगायची, वाफेला सांगायची; माणसाला नाही.

एकविसाव्या दिवशी ती इस्त्रीच्या टेबलापाशीच कोसळली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एका हाताला सलाइन लावलं. मागोमाग आई आली, आणि दारभर भक्त घेऊन मठातले बाबाही.

"तिला औषध चालत नाही. तिच्यात शक्ती आहे," बाबा म्हणाले.

"असं? पोरी, तुझ्या दुसऱ्या हातावर एक तपासणी करू? यांच्यासमोर चालेल?"

धाकटीने मान डोलावली. बाईंनी रक्तदाबाचा पट्टा बांधून फुगवला.

"मंत्र येतो का?" बाबा हसले.

"सातचा पाढा येतो. सात एके सात, सात दुणे चौदा..."

पाढा तीनदा संपला. हात तसाच वळला. बाईंनी हवा सोडली, हात उलगडला.

दारातून कुणीतरी म्हणालं, "बाबा, पाढ्यालाही शक्ती उतरते की!" बाबांना एकाएकी दुसरीकडची बैठक आठवली.

"गळ्यात दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात," बाई म्हणाल्या. "त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. ते कमी पडलं की दंड आवळल्यावर हात असा वळतो. हिच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथीही थकल्यात असं दिसतंय. म्हणून हा रंग, ही भोवळ. अंगातलं मीठ वाहून जातं, म्हणून जीव मीठ मागतो. रक्ताच्या अहवालात नक्की कळेल. धडधाकट आईबापांकडून एकेक दोष आला की एकाच घरातल्या भावंडांतही हे उमटतं. बरं होत नाही, पण रोजच्या गोळ्यांवर माणूस जगतो."

"माझा भाऊ असाच अळणी व्रतात गेला. त्याला मीठ मीच दिलं होतं," धाकटी छताकडे बघत म्हणाली.

"मग त्याच्या हाती लागलेलं तेवढंच औषध, पोरी."

आई भिंतीकडे वळली. "मी त्याचं ताट चाखून बघायचे," ती भिंतीलाच म्हणाली. "चुकून मीठ पडलं नाही ना, म्हणून." धाकटीने हाक मारली. आई वळली नाही.

मंडळी, कुणाचं अंग वाकडं झालं तर हात जोडण्याआधी दवाखाना गाठा. चमत्कार दिसला तर तो आणखी कशाने होतो ते विचारा. विचारलंत म्हणून कुठलाही देव रुसणार नाही. न विचारल्याने एका घरातला मुलगा गेला.