आधी पट्टा की आधी ओळ

पंचावन्न सालच्या एप्रिलात मी पोंभुर्ण्याकडच्या जंगलात वनखात्याच्या चौकीवर मुन्शी होतो. त्याआधी तारऑफिसात दीड वर्ष काढलेलं, त्यामुळे माझ्याइतका हुशार माणूस या रानात दुसरा नाही अशी माझी पक्की समजूत होती. टेकडीवरून आरशाने वणव्याची खबर द्यायची युक्ती माझीच.

युक्ती सोपी होती. जंगलात रुंद रेषा साफ करून त्याचे चौकोन पाडलेले होते. उभे पट्टे सात, आडव्या ओळी सात. टेकडीवर राखणदार सुकलू बसायचा. धूर दिसला की तो आरशाने आमच्या अंगणाकडे उन्हाची चमक मारायचा. एका आकड्याइतक्या वेळा, मग थोडं थांबून दुसऱ्या आकड्याइतक्या वेळा. मी ते दोन आकडे नकाशावर शोधायचे आणि वनपाल नानाजींनी माणसं घेऊन तिकडे धावायचं. चौकी बांबूच्या बनात, खळग्यात होती. टेकडीचं टोक सोडलं तर आम्हाला तिथून काही दिसत नसे.

चाचणीच्या दिवशी नानाजींनी मोठ्या साहेबांची जीप मागून आणली आणि सडकेच्या कडेला तीन ठिकाणी पाला जाळला. सुकलूने तिन्ही ठिकाणं बरोबर सांगितली. नानाजींनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि पुढचे आठ दिवस माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

काळजी मात्र पाठ सोडत नव्हती. माझे अब्बा, जलालुद्दीन आराकश, त्या महिन्यात चार गडी घेऊन जंगलातच सागाचे ओंडके चिरत होते. दुसरा पट्टा, पाचवी ओळ. मोहाची फुलं वेचणं सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात आणि वाऱ्याने तीच आग सुटते, हे मला ठाऊक होतं. नकाशा उघडला की माझी नजर आधी त्याच चौकोनावर जायची.

चाचणीनंतरची पहिली चमक नवव्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास आली. पाच. थांबली. दोन. मग पुन्हा तेच, पाच आणि दोन.

मी नकाशावर बोट ठेवलं. पाचवा पट्टा, दुसरी ओळ. तिथे सुकलूचा टोला होता, दहा-बारा घरांची वस्ती. अब्बांचा चौकोन नव्हता! माझ्या तोंडून आपोआप निघालं, "या अल्ला, तेरा शुक्र!"

"काऊन उभा राह्यलास? कुठी हाये ते सांग ना!" नानाजी ओरडले.

"पाच-दोन, साहेब. सुकलूचा टोला."

नऊ माणसं कुऱ्हाडी घेऊन पळाली. चौकीवर मी आणि स्वयंपाक करणाऱ्या नीलाबाई, दोघंच उरलो. तेवढ्यात आरसा तिसऱ्यांदा चमकला. पाच, दोन. एकही चमक कमी नाही, जास्त नाही.

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या टोल्यात सुकलूची बायको होती, दोन पोरी होत्या. ज्याचं घर पेटलंय तो माणूस इतक्या शांतपणे चमका मोजत बसेल? मी असतो तर आरसा फेकून खाली धावत सुटलो असतो.

मी पुन्हा नकाशा पाहिला. चाचणीची ठिकाणं कोणती होती? दोन-दोन, तीन-तीन, चार-चार. सडकच जंगलातून तिरपी गेलेली, तिच्या कडेला दुसरं काय निघणार! दोन्ही आकडे सारखे असले की आधी कुठलाही घ्या, उत्तर बरोबरच येतं. मी आधी पट्टा घ्यायचो, कारण नकाशावर पट्ट्यांचे आकडे वरच लिहिलेले. सुकलूला नकाशा वाचता येत नव्हता. टेकडीवरून त्याला आधी आग किती दूर ते दिसणार, म्हणजे ओळ. मग ती कुठल्या अंगाला ते, म्हणजे पट्टा. 'दोन आकडे सांग' एवढंच मी शहाण्याने त्याला सांगितलं होतं. आधी कुठला, ते विचारलंच नव्हतं!

तसं असेल तर आग दोन-पाचमध्ये होती. अब्बांच्या डोक्यावर.

पण नुसत्या संशयावर नानाजींना परत फिरवावं, आणि खरंच टोला जळत असला तर? आरशातून एवढं सगळं विचारायची सोय नव्हती. मग एकच सुचलं. आमची चौकी तिसऱ्या पट्ट्यात, चौथ्या ओळीत. मी चुलीतली जळती लाकडं ओढून अंगणात आणली आणि त्यांवर बांबूचा ओला पाला टाकला.

"डोस्कं फिरलं का तुमचं, मुश्ताकभाऊ?" नीलाबाई किंचाळल्या. "तिकडे रान जळून राह्यलं अन् तुमी इथी आग लावता?"

"पाला आणा, बाई! अजून पाला आणा!"

धूर आधी नुसता जमिनीवर लोळत राहिला. अखेर तो बांबूच्या वर गेला आणि मी टेकडीकडे डोळे लावून बसलो. किती वेळ गेला कोण जाणे. मग आरसा चमकला. चार. थांबला. तीन.

तो ओळच आधी सांगत होता! मी आगीवर घागर ओतली आणि सायकल काढली. नाल्याच्या उतारावर नानाजी दिसले. मी ओरडून सांगितलं. त्यांनी मला एक सणसणीत शिवी घातली, पण सगळ्यांना परत फिरवलं.

आम्ही पोचलो तेव्हा अर्धा चौकोन जळून गेला होता. अब्बांनी आणि गड्यांनी स्वतःभोवतीचं गवत आधीच जाळून टाकलं होतं आणि ते सगळे त्या काळ्या जमिनीवर एकमेकांना धरून उभे होते. अब्बांची एका बाजूची दाढी गेली होती, एका गड्याचे दोन्ही पाय पोळले होते. अब्बा माझ्याकडे बघून खोकत म्हणाले, "बड़ी देर की, बेटा." मला रडू फुटलं.

संध्याकाळी सुकलू टेकडीवरून उतरला तो थेट अब्बांच्या खाटेपाशी येऊन बसला. त्यांचे हातपाय चाचपून पाहिले. मग मला म्हणाला, "धूर पाह्यला अन् तुमच्या अब्बाची याद आली, भाऊ. मले मालूम होतं ना ते तिथी हायेत. माह्ये हात असे कापू लागले! म्हटलं, आता एक चमक चुकली तं माणसं मरतीन. मंग एका हातानं दुसरा हात धरला अन् मोजून मोजून देल्ली. तीनदा देल्ली. समजली ना बराबर?"

त्याच्या टोल्याला आग लागली असं समजून मी देवाचे आभार मानले होते. ते त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

"समजली, सुकलूभाऊ," मी म्हटलं.