आईचं कपाट

आई जाऊन महिना झाला होता, तरी दुपारचे दोन वाजले की आक्काचे पाय औषधांच्या डब्याकडे वळायचे. आजही वळले, पण डबा जागेवर नव्हता. दोघी भावजयांनी आईचं कपाट आवरायला काढलं होतं.

कपाट आईचं खरं, पण बावीस वर्षं आक्काच्या वस्तूही त्यातच होत्या. आईने अंथरूण धरलं तेव्हा आक्का तिशीची, शाळेत शिवण शिकवणारी. "कुणीतरी घरी राहायला हवं," दोन्ही धाकटे भाऊ म्हणाले, आणि ते कुणीतरी कोण हे न विचारताच ठरलं. नोकरी सुटली, लग्नाचं बोलणं मागे पडलं, आक्काचं अंथरूण आईच्या खोलीत आलं. पाहुण्यांत तिचं भारी कौतुक व्हायचं. कौतुकाला काय खर्च येतो!

"ही शाल मी आठवण म्हणून ठेवते हं," थोरली भावजय म्हणाली. "आईंना किती शोभायची!"

शाल आक्काची होती, पहिल्या पगारातली. ती सांगणार, तोच थोरलीने डोळे पुसले आणि आक्काने शालीची घडी घालून दिली. मग आक्काची कात्री गेली, स्वेटर गेला. चोरी कुणी करत नव्हतं. आक्काचं स्वतःचं काही असेल, हे कुणाच्या मनातच आलं नाही.

"घर विकायचं ठरलंय," धाकटा भाऊ म्हणाला. "तू आमच्याकडे चल. तुला काय उघड्यावर टाकणार आहोत?"

"एखादी खोली घेऊन शिवणाचे वर्ग काढावेत म्हणते."

"या वयात? लोक आम्हाला नावं ठेवतील!" थोरला म्हणाला.

आक्का खाटेच्या कडेवर बसली. तिच्या जन्माचा निकाल लागला होता, आणि तिला भांडताही येत नव्हतं.

"आक्का, तुम्हाला आठवण म्हणून काय हवं?" धाकटीने विचारलं.

फळीवर आता फक्त आईची घंटी उरली होती. पाणी हवं, कूस बदलायची, भांडं द्यायचं, सगळ्याला तीच वाजायची.

"काही नको गं."

"मग घंटी मी नेते. माझे बाबा पुढच्या आठवड्यात आमच्याकडे येतायत. पडल्यापासून त्यांना उठवत नाही. तुम्हाला बोलवायला बरी पडेल."

चालते का बघायला तिने ती वाजवली. आक्का झटकन उठून उभी राहिली.

कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. वाचणाऱ्याने तरी आपल्या घरात एकदा बघावं, घंटी वाजली की कोण उठतं ते.