लाडोबाचे कागद

"घट्ट धरा, बाई. हलला तर पुन्हा टोचावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

ताईने कुत्र्याच्या पिल्लाचं डोकं काखेत दाबून धरलं. दुसऱ्या हातात फोन होता आणि फोनमध्ये तिची धाकटी बहीण डोळ्यांत पाणी आणून बसली होती.

"ताई, फार दुखतंय का गं त्याला?"

"त्यालाच विचार," ताई म्हणाली. पिल्लाने तिच्या कोपरावर चांगले ओरखडे काढले होते. त्यांची चौकशी कुणी केली नाही.

धाकटी परदेशातून सुट्टीला आली होती तेव्हा हे पिल्लू जिन्याखाली सापडलं होतं. आठवड्याभरात तिचा त्याच्यावर असा जीव जडला, की परत जाताना ती ताईच्या नव्हे, त्याच्या गळ्यात पडून रडली. त्याला तिकडे न्यायचं पक्कं झालं. आधी कातडीखाली ओळखीच्या नंबराची चिप, मग रेबीजची लस, मग रक्ताची तपासणी, मग तीन महिने नुसतं थांबायचं आणि शेवटी सरकारी दाखला. धाकटीने सगळा क्रम तोंडपाठ केला होता. धावपळ मात्र ताईची.

ताई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दर वेळी अर्धी रजा मागितली की मालक म्हणायचे, "कुत्रं निघालं परदेशी, आणि आपण बसलोय भिंगं पुसत!"

ताईला हसू येत नसे. आई अंथरुणाला खिळली, ती सगळी वर्षं ताईनेच काढली होती. आई गेल्यावर धाकटी म्हणाली होती, "आता तू माझ्याकडेच यायचं. कागदांचं मी बघते." ताईने पासपोर्ट काढला, एक जाड कोटही घेतला. मग धाकटीने घर बदललं, नोकरी बदलली, तिकडचे नियम बदलले. हळूहळू विषयच निघेनासा झाला. आणि आता या जिन्याखालच्या पोरासाठी ती कचेऱ्यांना फोनवर फोन करत होती. धाकटीने त्याचं ठेवलेलं नाव ताईने कधी तोंडी घेतलं नाही. "चला, लाडोबा," म्हणायची ती, दातओठ खात.

लाडोबाला त्यातलं काही कळत नव्हतं. ताई दुकानातून आली की तो तिच्या चपलांवर लोळण घ्यायचा, तिच्या पायांवर डोकं ठेवून झोपायचा. ती त्याला खाजवायची तेव्हा बोटांना ती चिप लागायची, तांदळाच्या दाण्याएवढी. मानेतून सरकत सरकत ती डाव्या खांद्याच्या मागे येऊन बसली होती. जायचे दिवस जवळ आले तसा ताईचा जळफळाट कमी व्हायच्या ऐवजी वाढला. फक्त आता तो पिल्लावर नव्हता, धाकटीवर होता. सगळं तिकडेच जमा होतं, नोकरी, नवरा, घर. आता हेही तिचंच.

दाखल्याआधीच्या तपासणीला डॉक्टरांनी चिप वाचायचं यंत्र पिल्लाच्या मानेवरून फिरवलं. यंत्र गप्प. पुन्हा फिरवलं. गप्पच.

"गळून पडली की काय? होतं असं कधी कधी," ते म्हणाले. "बाई, तुमच्या हाताला कुठे गाठ लागते का?"

ताईचा तळवा नेमका त्या खांद्यावर होता.

"नाही," ती म्हणाली.

"मग नवी बसवावी लागेल. आणि लस, रक्त, सगळं पहिल्यापासून. जुनं त्या चिपच्या नंबरावर होतं, ते आता धरत नाहीत."

"आज नको. बहिणीला विचारते," ताई म्हणाली आणि पिल्लाला उचलून बाहेर पडली. घरी येईपर्यंत तिने त्याला खाली ठेवलं नाही. पाय हलके पडत होते. धाकटी रडेल, आकांत करेल. तिची समजूत कशी घालायची ते ताईने वाटेतच ठरवलं.

धाकटी रडली नाही.

"सगळं पहिल्यापासून?" तिने विचारलं. "जाऊ दे मग, ताई. खरं सांगू, माझाच दम निघालाय. इथे शेजारी पिल्लं झालीत, त्यातलंच एक घेते. तुलाही सोबत होईल त्याची."

तिचा आवाज ऐकून लाडोबा मागच्या पायांवर उभा राहिला होता आणि फोनकडे उड्या मारत होता. ताईने फोन उंच धरला.

"एवढ्यावर सोडून दिलंस? अगं, तो वाट बघतो तुझ्या फोनची."

"लहान आहे गं तो. विसरेल."

ताईच्या अंगाची लाही लाही झाली. चिप आहे, माझ्याच हाताखाली होती, हे शब्द ओठांपर्यंत आले. डॉक्टरांचा दवाखाना अजून उघडा होता.

"ताई? तुला बरंच झालं ना हे?"

"हो," ताई म्हणाली. "ठेवते मी आता. तुला कामं असतील."

सकाळी ती त्याला फिरायला घेऊन निघाली. खालच्या मजल्यावरचे काका फाटकापाशी कुंड्यांना पाणी घालत होते.

"काय, कधी उडायचं परदेशी?" त्यांनी पिल्लाकडे बघून विचारलं.

"रद्द झालं आमचं," ताई म्हणाली आणि लाडोबाला ओली माती हुंगता यावी म्हणून तिने पट्टा सैल सोडला.